माती, गादी आणि गहाण पडलेलं घर

महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत तुम्ही पाहिली असेल, निदान मोबाईलवर तरी. त्या वेळी निवेदक दरवर्षी एक गोष्ट सांगतो आणि आपण ती ऐकून सोडून देतो. एका बाजूला माती विभागाचा विजेता असतो आणि दुसऱ्या बाजूला गादी विभागाचा. डिसेंबर २०१८ मध्ये ही स्पर्धा आमच्या जालन्यात झाली. मातीतून बाला रफिक शेख आला, गादीवरून अभिजित कटके आला आणि गदा बाला रफिकने नेली. आता प्रश्न असा, की कुस्ती जर एकच आहे तर हे दोन विभाग कशाला? क्रिकेटमध्ये खेळपट्टी लाल मातीची असो की काळ्या मातीची, स्पर्धा एकच असते. मग कुस्तीतच ही वाटणी का?

मी कुस्तीच्या इतिहासावर पीएचडी करतेय. खरं सांगायचं तर डावपेचांवर नाही, पैशावर. मराठी मुलखात कुस्तीला पैसा कोण देत होतं, कशासाठी देत होतं आणि देणारा बदलला की पैलवानाचं काय होत होतं, हा माझा विषय. शहागडला घरी सांगितलं तर पहिला प्रश्न असाच येतो, की यात अभ्यास करण्यासारखं काय आहे? म्हणून या लेखात एकाच पैलवानाची कारकीर्द घेऊन तुम्हाला ते दाखवायचा प्रयत्न करते. पैलवान तुमच्या ओळखीचा आहे : खाशाबा दादासाहेब जाधव. पण त्यांच्यापर्यंत पोहोचायच्या आधी थोडं लांबून फिरून यावं लागेल. वेल्समार्गे.

दोन पुस्तकं, दोन तिजोऱ्या

रग्बी आपल्याकडे फारसं कुणी खेळत नाही, पण क्रीडा-इतिहासाच्या अभ्यासात त्याची गोष्ट चुकवता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उत्तर इंग्लंडच्या गिरण्या-खाणींच्या गावांमध्ये कामगार रग्बी खेळायचे. सामना शनिवारी असायचा. शनिवारी पाळी बुडली की मजुरी बुडाली. क्लब म्हणाले, निदान बुडालेली मजुरी तरी भरून द्यावी. लंडनकडची संघटना म्हणाली, छे, खेळ हौसेसाठी असतो, पैशासाठी नाही. ज्यांच्या घरी पैसा होता त्यांना हे म्हणणं सोपं होतं. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे नियमही वेगळे झाले. एका रग्बीत पंधरा खेळाडू राहिले, दुसऱ्या रग्बीत तेरा झाले. पंधरावाली युनियन, तेरावाली लीग. लीगचा पैसा घेतलेल्या खेळाडूला युनियनचं दार बंद. ही बंदी थेट १९९५ मध्ये उठली. म्हणजे मोजून शंभर वर्षं.

वेल्स हा डोंगर-खाणींचा देश युनियनबरोबरच राहिला. त्यामुळे तिथल्या कामगार खेळाडूपुढे एकच पर्याय होता : देशाच्या संघातून मानासाठी खेळायचं किंवा उत्तरेला जाऊन पैशासाठी. डेव्हिड आणि इव्हान जेम्स हे स्वॉन्सीचे दोन भाऊ या वाटेवरचे अगदी सुरुवातीचे प्रवासी. मैदानात जोडीने खेळायचे आणि लोक त्यांच्यावर फिदा होते. १८९२ मध्ये ते सॅलफर्डजवळच्या ब्रॉटन रेंजर्स क्लबकडे गेले आणि पैसे घेतल्याच्या कारणावरून त्यांच्यावर बंदी आली. पुढे त्यांना पुन्हा वेल्समध्ये घेतलं गेलं. जानेवारी १८९९ मध्ये स्वॉन्सीला वेल्सने इंग्लंडचा २६-३ असा धुव्वा उडवला, त्यात हे दोघे होते. आणि त्यानंतर लगेच दोघे कुटुंबकबिल्यासह परत ब्रॉटनला गेले, कायमचे व्यावसायिक म्हणून. मान स्वॉन्सीत होता, चूल ब्रॉटनला पेटत होती.

अशा खेळाडूंना इंग्रजी क्रीडालेखनात 'ड्युअल कोड' खेळाडू म्हणतात. दोन नियमपुस्तकांनी खेळलेला माणूस. मला यातून जे उचलायचं आहे ते एवढंच : एका खेळाची दोन नियमपुस्तकं होतात तेव्हा प्रत्येक पुस्तकामागे वेगळी तिजोरी असते. पुस्तक बदललं की तिजोरी बदलते. हे लक्षात ठेवा आणि आता चला कोल्हापूरच्या तालमीत.

मातीचं पुस्तक

मातीच्या कुस्तीचं नियमपुस्तक छापलेलं नव्हतं, पण गावातल्या शेंबड्या पोरालाही ते पाठ होतं. निकाली कुस्ती म्हणजे समोरच्याची पाठ मातीला लागेपर्यंत. गुण नाहीत, वेळेचं बंधन नाही. फारच लांबली तर पंच बरोबरीत सोडवणार. वजनाचे गटही नाहीत. जोड लावायची ती डोळ्यांनी. दोघांना शेजारी उभं करायचं, अंगपिंड बघायचं, जाणती मंडळी मान हलवतात आणि ठरलं.

या पुस्तकामागची तिजोरी दोन प्रकारची होती. एक गावाची. जत्रेची वर्गणी, त्यातून इनाम. सकाळी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या, मग रुपया-दोन रुपयांच्या, मग वाढत वाढत शेवटची मोठी. दुसरी तिजोरी दरबाराची. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, देशभरातले मल्ल बोलावले. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते युरोपात गेले, रोमचं प्राचीन गोल क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि परतल्यावर कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं. मध्ये हौदा आणि भोवती उतरती बैठक, शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी अशी. मल्लाला खुराक, राहायला जागा, शिकवायला वस्ताद, हे सगळं दरबार बघायचा.

आता एक गोष्ट बारकाईने पाहा. वजनाचे गट नसले की सर्वांत मोठी कुस्ती सर्वांत मोठ्या देहाची होते. इनामाचा सगळ्यात जाड लिफाफा तिथे. लहान चणीचा पैलवान कितीही चपळ असला, तरी मैदानाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत त्याचं नाव जात नाही. तो दुपारीच लढून मोकळा होतो. हा अन्याय आहे असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं. मातीचं गणितच तसं होतं.

गादीचं पुस्तक

दुसरं पुस्तक ऑलिम्पिकबरोबर आलं. आणि ते आलं पुण्यातून. डेक्कन जिमखान्याच्या १९१९ च्या क्रीडामेळाव्यात अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं पाहून सर दोराबजी टाटांनी भारतीय खेळाडू ऑलिम्पिकला पाठवायचं मनावर घेतलं. १९२० मध्ये बेल्जियमच्या अँटवर्पला जे पथक गेलं, त्यात कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन पैलवान होते. नवले पहिल्याच फेरीत हरले. शिंदे फेदरवेट गटात चौथे आले. पदकाला एक पायरी कमी. १९२० साली! पण शिंद्यांचं नाव आज किती जणांना माहीत आहे? मातीच्या जगात चौथा क्रमांक अशी चीजच नसते. तिथे माणूस एक तर जिंकतो, नाही तर चीत होतो.

गादीच्या पुस्तकातले मुख्य कायदे असे : वजनाचे गट, घड्याळ, तीन पंच आणि गुण. खाशाबांच्या काळात, म्हणजे १९४८ आणि १९५२ मध्ये, गुणांची पद्धत आजच्या उलट होती. गुण मिळायचे नाहीत, चढायचे, आणि ते वाईट असायचे. चीतपट करून जिंकलात तर शून्य. नुसते पंचांच्या निकालावर जिंकलात तर जिंकूनही एक वाईट गुण. हरलात तर जास्त. पाच झाले की बाहेर. म्हणजे एक कुस्ती हरून माणूस लगेच संपत नव्हता आणि जिंकून पूर्ण सुरक्षितही नव्हता. निकाली कुस्तीत वाढलेल्या माणसाला ही हिशोबाची वहीच नवीन होती.

आणि तिजोरी? गादीमागे जत्रा नव्हती. तिथे पैसा घेऊन खेळणं हाच गुन्हा. अमेरिकेच्या जिम थॉर्पने १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली. आधी कधी तरी थोडेसे पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता म्हणून पुढच्या वर्षी ती काढून घेतली. खेळाडूने कमवायचं नाही, पण खेळाडूला बोटीने परदेशी पाठवायचं तर हजारो रुपये लागणार. ते कुणी द्यायचे? संघटनेने, सरकारने किंवा एखाद्या दात्याने. अँटवर्पच्या वेळी टाटा होते. पुढच्यांच्या वेळी?

गोळेश्वरचा पोरगा

खाशाबा जाधवांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच मुलांत खाशाबा धाकटे. शाळा कराडचं टिळक हायस्कूल. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांना मदत करणाऱ्यांत तेही होते. मग पुढच्या शिक्षणासाठी कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी हे त्यांचे वस्ताद. चण लहान, पण अंगात वीज. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याच्या मानेला वेढा घालायचा आणि कमरेवरून फेकायचं.

इथे नकाशा डोळ्यांसमोर आणा. कराड ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात होतं. कोल्हापूर हे छत्रपतींचं संस्थान. आणि आमचं शहागड होतं निजामाच्या हैदराबाद राज्यात. मराठी माणसाचा मुलूख असा तीन राज्यपद्धतींत विभागलेला. कराडहून कोल्हापूरला जाणं म्हणजे नुसतं शिकायला जाणं नव्हतं. जिथे कुस्तीला दरबार आहे, त्या राज्यात जाणं होतं.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबा गेले ते याच दरबाराच्या जोरावर. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. २९ जुलै ते १४ ऑगस्ट असे हे खेळ चालले. त्या दिवसांत शहागड अजून निजामाच्याच अमलाखाली होतं. आमच्याकडचा मुक्तिसंग्राम संपायला १७ सप्टेंबर उजाडायचा होता. सांगायचा मुद्दा हा, की लंडनमध्ये तिरंगा घेऊन चालणाऱ्या पथकाच्या मागे उभा असलेला देश अजून शिवणीलाच होता, आणि त्यातल्या एका पैलवानाच्या तिकिटाचे पैसे एका राजाने भरले होते.

लंडनला त्यांना सरावासाठी अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर भेटले. आंतरराष्ट्रीय नियमांची गादीवरची कुस्ती खाशाबांना नवी होती. मातीत पाय रुततो, त्या रुतण्यावर डाव बसवलेले असतात. गादीवर पाय सरकतो. मातीत दम धरून समोरच्याला दमवता येतं, गादीवर घड्याळ पळत असतं. तरीही ५२ किलोच्या फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या पैलवानांना हरवलं, इराणच्या मन्सूर रईसीकडून हरले आणि सहावे आले.

सहावे! कोल्हापूरच्या मातीत ५२ किलोच्या माणसाला मैदानाची शेवटची कुस्ती कधीच मिळाली नसती. गादीने त्याला त्याच्या वजनाचं जग दिलं आणि त्या जगात तो पहिल्याच फटक्यात सहावा होता. खाशाबांनी दुसऱ्या पुस्तकाकडे एवढ्या हट्टाने का पाहिलं, याचं उत्तर मला इथे सापडतं. पदकाची हाव, देशाचं नाव वगैरे सगळं खरं. पण लहान चणीच्या पैलवानाला शिखर दाखवणारं दुसरं पुस्तकच नव्हतं.

दरबार गेला, सरकार पोहोचलं नाही

लंडन आणि हेलसिंकी यांच्यामध्ये चार वर्षं आहेत. खाशाबांच्या चरित्रात ही वर्षं सरावाची म्हणून येतात. माझ्या अभ्यासात ती एका तारखेची आहेत : १ मार्च १९४९. या दिवशी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं.

विलीनीकरण झालं हे बरंच झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण एक हिशोब बघा. लंडनचं तिकीट काढणारी तिजोरी त्या दिवशी बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी उघडलीच नाही. आज आपण क्रीडा संचालनालय, शिष्यवृत्त्या, प्रायोजक हे शब्द सहज वापरतो. १९५२ मध्ये पैलवानाला हेलसिंकीला पाठवायची ठरलेली सरकारी वाट नव्हती. संघटना होती, पण तिच्याकडे पैसा नव्हता. आणि मजा म्हणजे, संघटनेच्या शिखरावर पुन्हा एक महाराजाच होते. भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष पटियालाचे यादविंद्र सिंग. निवडीच्या वेळी आपल्यावर अन्याय झाला असं वाटलं तेव्हा खाशाबांनी दाद मागितली ती पटियालाकडे, आणि पुन्हा कुस्ती घेतली गेली ती त्यांनी जिंकली, अशी हकीकत सांगितली जाते. म्हणजे न्याय मागायला अजून राजा शिल्लक होता, तिकिटाला नव्हता.

मग पैसा उभा कसा राहिला? गावाने. गोळेश्वर-कराड भागात लोकांनी वर्गणी काढली. जत्रेची वर्गणी काढतात तशी. आणि सर्वांत मोठा वाटा एका शिक्षकाचा. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट आपण 'केवढा मोठा माणूस' म्हणून सांगतो आणि ते खरंच आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक प्रश्न विचारायचा असतो : एका प्राचार्यावर घर गहाण ठेवायची वेळ का आली? कारण तो दोन व्यवस्थांच्या मधल्या फटीत उभा होता. दरबार गेला होता, सरकार पोहोचलं नव्हतं, आणि ती फट बुजवायला त्याच्याकडे घराशिवाय दुसरं काही नव्हतं.

हेलसिंकी, जुलै १९५२

या वेळी खाशाबा ५७ किलोच्या बॅन्टमवेट गटात उतरले. फ्रीस्टाइल. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो, जर्मनीचा श्मिट्झ यांना मागे टाकून ते शेवटच्या टप्प्यात आले. तिथे समोर जपानचा शोहाची इशी.

इशीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तोही एक पुस्तक सोडून दुसऱ्याकडे आलेला होता. मूळचा ज्युदोवाला. महायुद्धानंतर दोस्तांच्या फौजांनी जपानमध्ये शाळांतल्या ज्युदोवर बंदी घातली आणि कित्येक तरुण ज्युदोपटू कुस्तीकडे वळले, त्यातला हा एक. म्हणजे त्या दिवशी फिनलंडच्या गादीवर दोन माणसं भिडली, ती दोघंही या खेळात पाहुणी होती. एक मातीतून आला होता, एक ज्युदोच्या चटईवरून. पंधरा मिनिटांची झुंज झाली आणि इशी जिंकला. पुढे सुवर्णपदक त्याचंच. हेलसिंकीतलं जपानचं ते एकमेव सुवर्ण.

त्यानंतर सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, ती मिळाली नाही, आणि पंचांकडे हरकत घ्यायला भारतीय पथकातलं कुणी जबाबदार माणूस तिथे नव्हतं, असं या लढतीबद्दल नेहमी सांगितलं जातं. खाशाबा हरले. रौप्य मामेदबेकोवला, कांस्य खाशाबांना.

आपण या प्रसंगावर हळहळतो. मला त्यात पुन्हा दोन पुस्तकांचा फरक दिसतो. मातीच्या मैदानात पैलवान कधी एकटा नसतो. हौद्याच्या कडेला वस्ताद असतो, तालमीतली पोरं असतात, गाव असतं. पंचाचं काही चुकलं तर शंभर माणसं हौद्यात उतरतात. गादीवर मात्र पैलवानाच्या वतीने बोलायचा अधिकार फक्त पदाधिकाऱ्याला. तो नसेल तर माणूस एकटा. आणि नियम माहीत असून उपयोग नाही, नियम मागायला माणूस लागतो.

तरीही स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होतं. त्याच स्पर्धेत कोल्हापूरकडचे केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. बत्तीस वर्षांपूर्वी रणधीर शिंदे आले होते तिथेच. दुसरं वैयक्तिक पदक यायला १९९६ चं अटलांटा आणि लिअँडर पेस यावा लागला. चव्वेचाळीस वर्षं.

कर्ज कुणी फेडलं?

परतल्यावर कराडला जंगी स्वागत झालं. शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक गोळेश्वरला निघाली. इथपर्यंतची गोष्ट आपण शाळेत ऐकतो. माझ्या अभ्यासासाठी सर्वांत मोलाचा भाग यानंतरचा आहे आणि तो दोन वाक्यांत उरकला जातो.

खर्डेकरांचं घर अजून गहाणच होतं. ऑलिम्पिकचं पदक विकून घर सुटत नाही, आणि गादीच्या पुस्तकात इनाम नावाची गोष्टच नव्हती. मग खाशाबा काय करतात? लंगोट लावून परत मातीत उतरतात. कुस्त्यांची मैदानं भरवली गेली, ते लढले, जिंकले आणि इनामाची रक्कम प्राचार्यांच्या हातात दिली. घर सुटलं.

थांबून विचार करा. गादीच्या पदकाचं कर्ज मातीच्या इनामाने फेडलं. ज्या पुस्तकात मान होता त्याची तिजोरी रिकामी होती, आणि ज्या पुस्तकात पैसा होता त्यात या देहाला शेवटच्या कुस्तीचा मान नव्हता. हा माणूस दोन्ही पुस्तकांतून थोडं थोडं घेऊन जगला. जेम्स बंधूंना स्वॉन्सी आणि ब्रॉटन यांतलं एक निवडावं लागलं, कारण तिथे संघटनांनी मध्ये भिंत बांधली होती. आपल्याकडे जत्रेच्या मैदानावर कुणी हौशी-व्यावसायिकाची चौकशी करत नव्हतं. भिंत नव्हती म्हणून खाशाबा परत मातीत जाऊ शकले. नाही तर प्राचार्यांचं घर गेलं असतं.

पण भिंत नसणं म्हणजे छत असणं नव्हे. दोन्हीकडे ये-जा करता येत होती, तरी घर कुठेच नव्हतं. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. पुढच्या मेलबर्न ऑलिम्पिकच्या वाटेत गुडघ्याची दुखापत आली. सत्तावीस वर्षं नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. पेन्शनसाठीही त्यांना खेटे घालावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव नंतर दिलं गेलं, आणि आता १५ जानेवारी हा महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे.

वजनदारांचं सोपं गेलं

माझं म्हणणं तपासायला दुसरी दोन माणसं घेऊ. गणपतराव आंदळकर आणि मारुती माने. दोघेही आजच्या सांगली जिल्ह्यातले, दोघेही भारदस्त देहाचे. आंदळकर १९६० चे हिंदकेसरी, माने १९६४ चे. आणि मध्ये, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, आंदळकरांनी सर्वांत वजनी गटात ग्रीको-रोमनचं सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचं रौप्य मिळवलं. त्याखालच्या गटात मान्यांनी उलट केलं : फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य. ग्रीको-रोमन म्हणजे कमरेखाली हात लावायचा नाही, पायांचा वापर नाही. पट काढणाऱ्या मराठी मल्लाला हे किती उलटं, ते तुम्हीच ठरवा.

हे दोघे अस्सल ड्युअल कोड. मातीतली गदाही त्यांची, गादीवरचं पदकही त्यांचं. त्यांना हे जमलं याचं एक कारण त्यांचं कौशल्य आहेच, पण दुसरं कारण त्यांचा देह. दोन्ही पुस्तकांत शेवटची कुस्ती त्यांच्याच वजनाची होती. खाशाबांना मातीच्या पुस्तकात ते पान कधीच मिळणार नव्हतं. म्हणून 'उपेक्षित खाशाबा' ही गोष्ट सांगताना आपण सगळा दोष एखाद्या मंत्र्यावर किंवा संघटनेवर टाकतो, ते मला अपुरं वाटतं. उपेक्षा झालीच. पण तिची मुळं थोडी खोल आहेत. लहान देहाला न्याय देणारं पुस्तक आलं आणि नेमकी त्याच वेळी पैसा देणारी जुनी तिजोरी बंद झाली. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या.

मग दोन विभाग का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. महाराष्ट्र केसरी १९६१ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्र राज्य जेमतेम एक वर्षाचं होतं. विदर्भ, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र अशा वेगवेगळ्या राजवटींतून आलेल्या भागांना एका मैदानात आणायचं होतं, तसंच खेळाच्या दोन पुस्तकांनाही. माती ठेवली नाही तर जत्रा तुटते, गाव तुटतं, वर्गणी तुटते. गादी ठेवली नाही तर ऑलिम्पिक तुटतं. आज स्पर्धेत दोन्ही विभाग नांदतात आणि त्यांचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. ही मला मोठी शहाणी तडजोड वाटते. रग्बीवाल्यांनी शंभर वर्षं भिंत सांभाळली, आपण दरवर्षी एक कुस्ती लावून ती पाडतो.

पण एक लक्षात घ्या. अलीकडे ती अंतिम लढत गादीवर होते. म्हणजे मातीच्या पैलवानाने शेवटी दुसऱ्याच्या अंगणात जाऊन लढायचं. आणि गादी महाग आहे. माती गावात फुकट मिळते, हळद-ताक-तेल घालून पोरं स्वतः कमावतात. आमच्या गोदाकाठच्या गावांतल्या पोराला चांगली गादी हवी असेल तर शहराच्या तालमीत जागा शोधावी लागते, म्हणजे खोलीभाडं, खुराक, आणि घरच्यांचं एखादं एकर. प्राचार्य खर्डेकरांनी १९५२ मध्ये भरलेली फट अजून पूर्ण बुजलेली नाही. आता ती पैलवानाचा बाप भरतो.

शेवटी तुमच्याकडे एक मागणं. दरबाराचे हिशोब अभिलेखागारात मिळतात, संघटनांचे अहवाल छापलेले असतात. पण गावची जत्रा कुस्तीला किती पैसे देत होती, कुणाच्या घरून किती वर्गणी आली, पहिल्या कुस्तीला किती आणि शेवटच्या कुस्तीला किती, हे फक्त जत्रा कमिटीच्या वह्यांमध्ये असतं. या वह्या कुणाच्या तरी माळ्यावर, देवळाच्या पेटीत, जुन्या ट्रंकेत पडून आहेत आणि दर दिवाळीला त्यातल्या काही रद्दीत जातात. तुमच्या गावात अशी वही असेल तर ती द्या असं मी म्हणत नाही, रद्दीत तेवढी घालू नका. तिच्यातल्या दुपारच्या कुस्त्यांच्या रकान्यात कदाचित एखाद्या लहान चणीच्या पैलवानाचं नाव असेल, ज्याच्यासाठी घर गहाण ठेवायला कुणी प्राचार्य नव्हता.